यूएससीआयएसची प्रीमियम प्रोसेसिंग: २,९६५ डॉलर कुठे कामी येतात, कुठे वाया जातात

एच-१बी या कामाच्या व्हिसाचं ट्रान्सफर असो, एक्स्टेन्शन असो की ग्रीन कार्डाचं पिटिशन, म्हणजे आय-१४०, वकिलाच्या ईमेलमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: रेग्युलर की प्रीमियम? प्रीमियम म्हणजे यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, लवकर निकाल मागणारा आय-९०७ हा जादा फॉर्म आणि त्याची जादा फी. १ मार्च २०२६ पासून एच-१बी, एल-१ आणि आय-१४० साठी ही फी २,९६५ डॉलर आहे. त्याआधी दोन वर्षं ती २,८०५ होती. मूळ पिटिशनची फी, फ्रॉड फी, ट्रेनिंग फी वगैरे सगळं भरून झाल्यावर हे वरचे पैसे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सेवा म्हणून ही चोख आहे. सरकारी खात्यांमध्ये लेखी मुदत देणारी आणि ती चुकली तर फी परत करणारी सोय फारशी सापडत नाही. पण तिच्यात विकत मिळते ती एकच गोष्ट: पिटिशनवर उत्तर कधीपर्यंत येणार याची हमी. एच-१बीच्या लॉटरीतला नंबर, मुंबईच्या कॉन्सुलेटमधली तारीख किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा यांतलं काहीही या पैशात येत नाही, आणि नेमक्या याच गोष्टी मिळतील असं समजून बरेच लोक ते भरतात.

आधी घड्याळ समजून घ्या. मुदत १५ दिवसांची, पण १ एप्रिल २०२४ पासून हे कामकाजाचे दिवस धरतात. शनिवार-रविवार, फेडरल सुट्ट्या आणि हवामानामुळे सरकारी कार्यालयं बंद राहिलेले दिवस त्यात येत नाहीत. सोमवारी २ नोव्हेंबर २०२६ ला पिटिशन दाखल झालं असं समजा. दुसऱ्या दिवसापासून मोजलं आणि ११ तारखेची व्हेटरन्स डेची सुट्टी सोडली, तर पंधरावा दिवस मंगळवारी २४ नोव्हेंबरला येतो. जुन्या पद्धतीने तो १७ तारखेलाच आला असता. म्हणजे घरी सांगताना 'दोन आठवडे' न सांगता 'तीन आठवडे, मध्ये सुट्टी आली तर त्याहून थोडे जास्त' असं सांगावं. आय-१४० मधल्या दोन प्रकारांना, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मॅनेजरांचं ईबी-१सी आणि नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (देशहिताच्या कामासाठी कंपनीशिवाय करता येणारं पिटिशन), मुदत ४५ कामकाजाच्या दिवसांची आहे. फी तीच. नऊ आठवडे लागणार हे माहीत असूनच तिथे पैसे भरावेत.

या मुदतीत यूएससीआयएस बांधील असतं ते 'कारवाई' करायला. मंजुरी ही कारवाई, नामंजुरीही कारवाई, आणि आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र, हीसुद्धा कारवाईच. नामंजुरीचा इरादा कळवणारी नोटीस निघाली किंवा फसवणुकीच्या संशयावरून चौकशी सुरू झाली, तरी हमी पाळली गेली असंच धरतात आणि फी परत मिळत नाही. आरएफई आली की घड्याळ थांबतं. तुमचं उत्तर तिथे पोचलं की नवे १५ दिवस पहिल्यापासून सुरू होतात. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, त्यात वकिलाने ऑफर लेटर, क्लायंट लेटर, पदवीचं मूल्यांकन गोळा करायला पाच-सहा आठवडे घेतले, तर 'तीन आठवड्यांचं' प्रीमियम सहज तीन महिन्यांवर जातं. म्हणून पिटिशन पाठवण्याआधीच कागद पक्के करणं हाच खरा वेग. कामाचं स्वरूप आणि पदवीचा विषय यांचा मेळ, क्लायंटच्या ऑफिसात काम असेल तर तिथलं पत्र आणि करार, शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या पे स्लिप, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला). आरएफई बहुतेक यांच्याच आसपास फिरते. तपासणीचे निकष दोन्ही मार्गांना सारखेच आहेत. कच्चं पिटिशन प्रीमियमने पक्कं होत नाही, त्याचा निकाल फक्त लवकर कळतो.

घड्याळ सुरूच न होण्याची कारणं आणखी साधी आहेत. आय-९०७ चुकीच्या पत्त्यावर गेलं, फॉर्मची आवृत्ती जुनी होती किंवा दोन आवृत्त्यांची पानं एकत्र झाली, सही राहिली, की अख्खं पाकीट परत येतं. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी चेक चालत नाहीत. कार्डासाठी जी-१४५०, बँक खात्यातून थेट पैसे द्यायचे तर जी-१६५०. आय-१२९, म्हणजे एच-१बीचं मूळ पिटिशन, आणि आय-९०७ यांची फी वेगवेगळी भरायची, एकाच रकमेत नाही. कंपनीच्या कार्डावर दिवसाची मर्यादा कमी असेल तर व्यवहार नाकारला जातो आणि अर्ज परत येतो. एचआरला ही मर्यादा आधी तपासायला सांगणं शहाणपणाचं. आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहण्याची मंजूर मुदत, संपायला थोडेच दिवस उरलेले असताना परत आलेलं पाकीट फार महागात पडतं.

आता पैसे कुठे वसूल होतात ते पाहू.

सगळ्यात ठळक उदाहरण सध्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं आहे. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने नव्या एच-१बी पिटिशनवर एक लाख डॉलरचा भार टाकला. ऑक्टोबरात यूएससीआयएसने खुलासा केला, की अमेरिकेतच राहून चेंज ऑफ स्टेटस मागणाऱ्या आणि ते मंजूर झालेल्या लोकांना हा भार लागू नाही. यातली मेख 'मंजूर झालेल्या' या शब्दांत आहे. अर्ज प्रलंबित असताना माणूस भारतात आला, तर चेंज ऑफ स्टेटसची मागणी सोडून दिली असं धरतात, पिटिशन कॉन्सुलेटकडे वळतं आणि लाख डॉलरचा प्रश्न एम्प्लॉयरच्या दारात येऊन उभा राहतो. बहुतेक कंपन्या तिथेच हात वर करतात. घरी लग्नकार्य आहे, आईवडिलांची तब्येत ठीक नाही, प्रवास करावाच लागेल असं दिसत असेल, तर एप्रिलमध्ये पिटिशन भरतानाच प्रीमियम घ्यावं आणि मंजुरीची नोटीस हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये. मंजुरीनंतरही १ ऑक्टोबरच्या आधी देशाबाहेर पडायचं असेल तर वकिलाचं लेखी मत घ्यावं. या घोषणेची मुदत बारा महिन्यांची ठेवली होती आणि ती वाढवता येते, त्यामुळे तुम्ही हे वाचाल त्या दिवशीची स्थिती आधी तपासा.

प्रवास करायचाच नसेल तर याच विद्यार्थ्यांना प्रीमियमची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. जानेवारी २०२५ पासून कॅप-गॅप, म्हणजे एफ-१ आणि एच-१बी यांच्यामधला काळ भरून काढणारी मुदतवाढ, १ ऑक्टोबरला न संपता पुढच्या १ एप्रिलपर्यंत चालतो. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची विद्यार्थ्याची परवानगी, उन्हाळ्यात संपली तरी वेळेवर दाखल झालेल्या पिटिशनवर काम करता येतं. ऑक्टोबर उजाडला तरी निकाल नाही म्हणून घरी बसण्याची वेळ आता सहसा येत नाही.

नोकरी बदलताना कायद्याने मोठी सवलत आहे: नवीन कंपनीचं पिटिशन दाखल झालं की पावतीवर काम सुरू करता येतं. म्हणून एचआर 'रेग्युलर पुरे' म्हणतं, आणि कंपनीच्या बाजूने ते बरोबरही आहे. पण पावतीवर जुनी नोकरी सोडली आणि चार महिन्यांनी ट्रान्सफर नामंजूर झालं, तर परतीची वाट बंद झालेली असते. आमचा सल्ला सरळ आहे: जुन्या ठिकाणी राजीनामा द्यायचा तो नव्या पिटिशनच्या मंजुरीनंतर, आणि त्यासाठी प्रीमियम मागून घ्यायचं. ले-ऑफनंतरच्या ६० दिवसांत गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे पहिलं काम म्हणजे साठाव्या दिवसाआधी पिटिशन दाखल करणं; प्रीमियम मागाहूनही जोडता येतं. रेग्युलरमध्ये पडून असलेल्या पिटिशनवर कधीही आय-९०७ भरून ते प्रीमियममध्ये नेता येतं, ही सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. घाईत सगळे पैसे एकदम भरायची गरज नाही.

एका ठिकाणी मात्र प्रीमियम टाळणं आम्हाला धोक्याचं वाटतं. आय-९४ संपलेलं आहे, पहिल्या कंपनीचं एक्स्टेन्शन प्रलंबित आहे आणि तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने ट्रान्सफर भरलं. वकील याला ब्रिज पिटिशन म्हणतात, कारण दुसरं पिटिशन पहिल्यावर टेकलेलं असतं. पहिलं नामंजूर झालं किंवा निकालाआधी मागे घेतलं गेलं, तर दुसऱ्याचा इथेच राहून मुदत वाढवून घेण्याचा पाया निघून जातो, मग ते कितीही भक्कम असो. त्यात जुनी कंपनी तुमच्या राजीनाम्यानंतर पिटिशन मागे घ्यायला मोकळी असते. अशा वेळी पहिल्यावर प्रीमियम, मग दुसऱ्यावर, हा क्रम धरावा; आणि पहिल्यासाठी आय-९०७ जुन्या कंपनीलाच भरावं लागतं हे लक्षात ठेवून राजीनाम्याची भाषा करण्याआधी तो विषय मार्गी लावावा.

आय-१४० बद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. भारतीयांची ईबी-२, ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची रांग लांब आहे ती एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे, आणि त्या रांगेतली तुमची जागा ठरते पर्मचा, म्हणजे कंपनीच्या लेबर सर्टिफिकेशनचा, अर्ज कामगार खात्याकडे दाखल झाला त्या दिवशी. ती प्रायोरिटी डेट आय-१४० तीन आठवड्यांत मंजूर होवो की वर्षभराने, तीच राहते. पर्मला प्रीमियम नाही, ग्रीन कार्डाच्या शेवटच्या अर्जाला, आय-४८५ लाही नाही. तरीही आय-१४० वर प्रीमियम घ्यावं असं आम्ही म्हणतो, कारण रांगेबाहेरच्या तीन गोष्टी त्या मंजुरीवर अडकलेल्या असतात. एच-१बीची सहा वर्षं संपत आली असतील तर मंजूर आय-१४० वर एकदम तीन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळतं. ते नसेल तर पर्म किंवा आय-१४० भरून ३६५ दिवस झालेले असावे लागतात आणि मिळतं एकच वर्ष. जोडीदाराच्या एच-४ ईएडीचा, म्हणजे काम करायच्या परवान्याचा, दरवाजा बहुतेकांसाठी याच मंजुरीने उघडतो. आणि मंजुरीनंतर १८० दिवस उलटले की कंपनीने आय-१४० मागे घेतलं तरी पुढच्या एम्प्लॉयरकडची एक्स्टेन्शन्स त्यावर मिळत राहतात. हे १८० दिवस मंजुरीपासून मोजतात, त्यामुळे ज्या कंपनीत कपातीची कुणकुण आहे तिथे प्रत्येक आठवडा मोलाचा ठरतो.

साध्या एक्स्टेन्शनला, म्हणजे तीच कंपनी, तेच काम, मुदत संपायच्या आत दाखल केलेलं, प्रीमियमची गरज बहुधा नसते. आय-९४ संपल्यावरही २४० दिवस काम चालू ठेवता येतं. अडचण येते ती दुसरीकडून: अनेक राज्यांत डीएमव्ही, म्हणजे वाहन परवाना खातं, प्रलंबित पावतीवर ड्रायव्हिंग लायसन्स वाढवून देत नाही किंवा थोड्या दिवसांसाठी देतं. जिथे गाडीशिवाय ऑफिस गाठता येत नाही तिथे हे कारण पुरेसं आहे. दुसरं कारण प्रवासाचं. निकाल न लागता भारतात गेलात तर परत येताना नव्या मुदतीचं आय-७९७, म्हणजे मंजुरीची नोटीस, लागणार आणि ते मिळालेलं नसणार.

आणि जिथे पैसे टाकूनही काही हलत नाही त्या जागा. लॉटरीचा प्रीमियमशी संबंध नाही. निवड झाल्यावरच पिटिशन भरता येतं. ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांच्या २०,००० जागांसाठी सरकार आता प्राधान्य पगारावर ठरवतं. २०२६ च्या नोंदणीपासून चौथ्या वेतनस्तराचं नाव सोडतीत चार वेळा टाकलं जातं, पहिल्या स्तराचं एकदाच. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना हा नियम जड जाणार हे उघड आहे, आणि कोणतीही फी भरून तो टाळता येत नाही. दुसरी जागा स्टॅम्पिंगची, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घेण्याची. पिटिशन यूएससीआयएस तपासतं, व्हिसा परराष्ट्र खातं देतं. दोघांचे हिशेब वेगळे. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटला तुमची मंजुरी पंधरा दिवसांत आली की सहा महिन्यांत, याच्याशी कर्तव्य नसतं. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीसाठी ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसाची, सवलत काढली गेली, डिसेंबरात सोशल मीडिया तपासणी आली आणि ठरलेल्या मुलाखती अनेक महिने पुढे ढकलल्या गेल्या. तारीख हातात नसताना फक्त स्टॅम्पिंगसाठी प्रीमियम घेणं म्हणजे पैसे बुडवणं.

कुटुंबाच्या बाबतीत ही सेवा फार अपुरी पडते, आणि आमची सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे. एच-४ च्या मुदतवाढीच्या अर्जाला, आय-५३९ ला, आणि एच-४ ईएडीच्या आय-७६५ ला प्रीमियम नाही. न्यायालयातल्या एका तडजोडीमुळे जानेवारी २०२३ पासून दोन वर्षं, एच-१बीसोबत एकत्र भरलेले हे अर्ज यूएससीआयएसला एकत्रच निकाली काढावे लागत होते. ती मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. त्यानंतर ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी नूतनीकरणांना आपोआप मिळणारी मुदतवाढही बंद झाली. परिणाम असा, की नवऱ्याचं एक्स्टेन्शन तीन आठवड्यांत मंजूर होतं आणि त्याच पाकिटात गेलेला बायकोचा अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. कार्ड संपलं त्या दिवशी तिला काम थांबवावं लागतं. यावर हातात असलेला एकच उपाय म्हणजे लवकर भरणं: ईएडी संपायच्या १८० दिवस आधी नूतनीकरण दाखल करता येतं, आणि एच-१बीचं एक्स्टेन्शनही सहा महिने आधी भरता येतं. एचआरला ती तारीख आठ महिने आधीपासून आठवण करून द्या. यूएससीआयएसकडे विनामूल्य एक्स्पेडाइटची, म्हणजे अर्ज लवकर पाहण्याची, विनंतीही करता येते: मोठं आर्थिक नुकसान, तातडीची मानवतावादी गरज, खात्याची स्वतःची चूक अशा कारणांवर. नुसतं 'नोकरी जाईल' असं लिहून भागत नाही. एम्प्लॉयरचं पत्र आणि आकडे जोडावे लागतात. ज्या फॉर्मला प्रीमियम उपलब्ध आहे त्याला ही विनंती साधारणपणे चालत नाही, ना-नफा संस्थांचा अपवाद सोडून.

फी कोणी भरायची यावर कंपन्यांमध्ये सर्रास गोंधळ असतो. आय-९०७ भरणार पिटिशनर, म्हणजे कंपनी किंवा तिचा वकील. कर्मचाऱ्याला स्वतःच्या नावाने ते भरता येत नाही. स्वतःसाठीच पिटिशन करणारे ईबी-१ए आणि नॅशनल इंटरेस्ट वेव्हरवाले वेगळे. घाई कंपनीच्या कामासाठी असेल तर पैसे कंपनीचेच, पगारातून कापता येत नाहीत. प्रवासासारख्या खाजगी कारणासाठी कर्मचाऱ्याने दिले तर चालतं, पण त्यामुळे त्याचा पगार ठरलेल्या किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. कारण ईमेलवर लिहून ठेवावं.

२००१ मध्ये ही सेवा १,००० डॉलरला सुरू झाली. २०१० मध्ये १,२२५, २०२० च्या कायद्यानंतर २,५००, आणि तिथून महागाईनुसार २०२४ आणि २०२६ मध्ये वाढ. सरकार ती हवी तेव्हा थांबवूही शकतं. ३ एप्रिल २०१७ पासून एच-१बीसाठी ती काही महिने बंद ठेवली, तेव्हा कारण असं दिलं, की प्रीमियमच्या मागण्या इतक्या वाढल्या आहेत की जुनी रेग्युलर पिटिशनं तुंबली आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पुन्हा बंद झाली. पैसे भरणाऱ्याचा वेग न भरणाऱ्याच्या वेळेतून येतो, हे २०१७ मध्ये खात्याने स्वतःच मान्य केलं असा त्याचा अर्थ आम्ही काढतो.

ऑस्ट्रेलियाची पद्धत याच्या अगदी उलट. तिथे कायदा मंत्र्याला अर्जांचा क्रम ठरवायचा अधिकार देतो आणि तो क्रम लेखी निर्देशाने जाहीर होतो. ऑक्टोबर २०२२ च्या १०० क्रमांकाच्या निर्देशाने आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रातल्या लोकांना सर्वांत पुढे ठेवलं. डिसेंबर २०२३ च्या १०५ क्रमांकाने त्यांच्याही पुढे प्रादेशिक भागात काम देणाऱ्या कंपन्यांच्या अर्जांना आणलं. नर्स पुढे, अकाउंटंट मागे, आणि मागच्याला पैसे देऊन पुढे जायची सोय नाही. ब्रिटन मधला मार्ग घेतं: देशाबाहेरून केलेल्या स्किल्ड वर्कर अर्जाला साधारण तीन आठवडे, ५०० पौंड जास्त दिले तर पाच कामकाजाचे दिवस, आणि जिथे सोय आहे तिथे १,००० पौंडांत पुढच्याच कामकाजाच्या दिवशी निकाल. ग्राहक म्हणून आम्हाला ब्रिटनची सेवा सरस वाटते, कारण अर्जदार ती स्वतः घेऊ शकतो आणि जो निकाल येतो तो थेट व्हिसाचा असतो. न्यायाच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त पटते: क्रम कशावर ठरला हे तरी सगळ्यांना वाचता येतं.

विद्यार्थ्यांसाठी शेवटचं. ओपीटीच्या आय-७६५ ला प्रीमियम मिळतं: १,७८० डॉलर, ३० कामकाजाचे दिवस. अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधी अर्ज भरता येतो. त्या पहिल्या आठवड्यात भरलात तर हे पैसे सहसा वाचतात. उशीर झाला असेल आणि नोकरीची तारीख ठरलेली असेल तर जरूर घ्या. पण ३० दिवसांची हमी निर्णयाची आहे. कार्ड छापून टपालाने यायचा वेळ त्यावर. चार-पाच जण एका अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर मेलबॉक्सवर स्वतःचं नाव चिकटवा, नाहीतर पोस्टमन ते पाकीट परत पाठवू शकतो, आणि दुसरं कार्ड मागवण्यात पुन्हा कित्येक आठवडे जातात.